साबणाचा ब्रॅकेट

आमच्या कारखान्यात असेंब्लीच्या खिडकीत साबणाच्या वस्तू ओळीनं मांडलेल्या असायच्या. कपडे धुण्याचा साधा पिवळा साबण तासून, खाचा पाडून, भोकं कोरून केलेल्या. नवा माणूस आला की विचारायचा, हे काय खेळणं मांडलंय? मीही पहिल्या दिवशी विचारलं होतं आणि हसलो होतो. माझं हसणं जरा मोठ्यांदाच असतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत. साल कशाला सांगू, ऐंशीच्या जरा अलीकडचं धरा. आम्ही ऑटोमेशनची कामं करायचो. हा शब्द तेव्हा नागपुरात नवा होता आणि आम्ही तो फार मिरवायचो. म्हणजे काय, तर चार माणसं हातानं करतात ते काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरकडून करून घ्यायचं. हवा सोडली की दांडा पुढे, उलटी सोडली की मागे. डबा सरकव, झाकण उचल, बसव, दाब. प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम वेगळं, म्हणून प्रत्येक मशीनचं डिझाइन नव्यानं. ते डिझाइन करणारा मी. इथल्याच कॉलेजातून मेकॅनिकल झालेला, सत्तावीस वर्षांचा, प्रताप नगरहून सायकलनं येणारा. डोक्यात हवा एवढी की कॉम्प्रेसर लाजावा.

साबणाच्या वस्तू करणारे आमचे फिटर होते. पन्नाशीला आलेले, सडसडीत, कमी बोलणारे. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं कोट-चष्म्यातला तो फोटो चिकटवलेला, पेटी उघडली की पहिल्यांदा तोच दिसायचा. शाळा चौथीपर्यंत. ड्रॉइंग वाचायला ते कुठल्या वर्गात शिकले नव्हते, गिरणीच्या वर्कशॉपमध्ये हातोडी मारता मारता दुसऱ्यांच्या खांद्यावरून पाहून शिकले होते. आमच्याकडे त्यांचं मुख्य काम मार्किंगचं. म्हणजे लोखंडाच्या ठोकळ्यावर मोरचुदाचं पाणी फासायचं, ते तांबूस झालं की त्यावर सुईनं रेघा ओढून ठेवायच्या, इथे भोक, इथे खाच, इथून कापा. मशीनवाले त्या रेघांवर डोळे मिटून चालायचे. रेघ चुकली तर सगळंच चुकलं. त्यांची रेघ चुकल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे, भाग जरा अवघड असला की आधी तो साबणात कोरून पाहायचा. कागदावर वस्तूची तीन रूपं असतात, समोरून, बाजूनं, वरून. ती तिन्ही डोक्यात एकत्र करून आख्खी वस्तू दिसायला हवी. मला ती दिसते असा माझा दावा. ते म्हणायचे, आपल्याले हातात धरल्याशिवाय दिसत नाही. भाग तयार झाला की तो साबण खिडकीत जायचा, आणि मशीन गिऱ्हाइकाकडे रवाना झालं की नळावर. सगळं खातं त्यानं हात धुवायचं. दुसरी सवय, प्रिंटवरचं एकेक माप रेघेत उतरलं की त्या मापाशेजारी लाल पेन्सिलीनं बारीक खूण करायची. त्यांच्या हातून परत आलेला प्रिंट लाल खुणांनी भरलेला असायचा. आम्ही ऑफिसातले त्याला गंमतीनं गोवर म्हणायचो.

आणखी एक सांगायला हवं, आणि हे सांगताना मला फार बरं वाटत नाही. आमचा टर्नर त्यांच्याच वयाचा. त्याला मी काका म्हणायचो, अहो-जाहो करायचो. फिटरला मात्र अरे-तुरे. माझ्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठा माणूस, आणि मी म्हणायचो, अरे, इकडे ये. असं का, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. कारखान्यात सगळेच तसं बोलत. आज लिहिताना मी 'ते' लिहितोय, त्यामुळे वाचणाऱ्याचा गैरसमज नको, की मी तेव्हाही असाच होतो.

त्या वर्षी काटोलकडच्या एका फळांच्या कारखान्याचं काम आलं. संत्र्याच्या फोडी पाकात घालून डब्यात भरायचे ते लोक. भरलेले डबे पट्ट्यावरून येणार, आमच्या मशीननं चार-चार अडवायचे आणि वर झाकणं ठेवायची. आमच्यासाठी मोठं काम होतं. मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आणि त्याच वेळी दुसरंही एक सांगितलं. हे मशीन बाहेर पडलं की असेंब्लीला चार्जहँड नेमायचा. खात्याचा प्रमुख कामगार. त्याला टेबल मिळणार, आणि प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात 'तपासले' म्हणून त्याची सही लागणार. मालक फिटरकडे पाहूनच बोलत होते. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवसापासून फिटरच्या खाकी शर्टाच्या खिशाला पेन दिसायला लागलं. टर्नरनं चिडवलं, काय गा, आतापासूनच साहेब? ते नुसते हसले. मला मात्र एकदा त्यांनी आपण होऊन सांगितलं, की मुलगी दहावीत आहे, ती रोज संध्याकाळी पाटीवर त्यांच्याकडून सही गिरवून घेते. आधीची सही फार मोठी होती, प्रिंटच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मावली नसती. सांगताना ते चक्क लाजले.

आता थोडं माझ्या धंद्याचं. वस्तू समोरून कशी दिसते ते कागदावर मध्ये काढतात आणि बाजूनं कशी दिसते ते शेजारी. डावीकडून दिसणारं रूप डावीकडे काढायचं की उजवीकडे, याच्या दोन पद्धती आहेत. आमच्या कारखान्याचा नियम, डावीकडचं डावीकडे. युरोपातल्या ड्रॉइंगांत बहुतेक उलट, डावीकडचं उजवीकडे. दोन्ही बरोबर. फक्त एकात दुसरी मिसळायची नाही. मिसळली की डाव्या पायाचा जोडा उजव्या पायाचा होऊन बसतो.

झाकणं उचलणारा सिलिंडर ज्या ब्रॅकेटवर बसणार होता, तो मी एका परदेशी कॅटलॉगमधून उचलला. उचलला म्हणजे चोरलाच म्हणा, तेव्हा सगळे तेच करायचे. त्यातलं बाजूचं रूप जसंच्या तसं, त्याच जागी, उजवीकडे काढलं. घाई होती. खरं तर घाई नव्हती, माजच होता, आपण काढलेलं परत पाहायचं कशाला. ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर शाई फिरवली, त्यावरून प्रिंट काढला, खाली पाठवला.

दोन दिवसांनी फिटर वर आले. आमच्या ड्रॉइंग ऑफिसला कूलर होता, खाली खात्यात नव्हता. कारण असं, की घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडला तर शाई पसरते. माणसांच्या घामाचं कोणाला काही नव्हतं. एप्रिल सुरू होता. ते दारात चपला काढून आत आले, हातात वर्तमानपत्राच्या कागदावर साबणाचा ब्रॅकेट. त्या वेळी काटोलचे दोघे जण माझ्यासमोर चहा पीत बसले होते आणि मी त्यांना ऑटोमेशनवर व्याख्यान देत होतो.

"साहेब, हे उलटं होऊन राहिलं," ते म्हणाले. "जोडणीच्या ड्रॉइंगमध्ये सिलिंडर पट्ट्याच्या बाहेर दिसते. असं केलं त तो आत येते."

मी साबणाकडे पाहिलंही नाही. विचारलं, ड्रॉइंग कोणी काढलं? ते म्हणाले, तुम्ही. मग मी ते वाक्य बोललो.

"मग माझ्या ड्रॉइंगपेक्षा तुझा साबण जास्त शिकलेला आहे का?"

काटोलचे दोघे हसले. आमचे ड्राफ्ट्समन हसले. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा हसलो. वर हेही सांगितलं, की कागदावर आहे तसं कर, डोकं घरी ठेवून येत जा. फिटर बरं म्हणाले. साबण कागदात नीट गुंडाळला, शर्टाच्या खालच्या खिशात ठेवला आणि चपला घालून खाली गेले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. त्या दोन मिनिटांत मी एकदा मान वळवून त्या साबणाकडे पाहिलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

ब्रॅकेट झाला. मिलिंगवर दोन दिवस गेले. भाग पूर्ण झाला की त्याचा प्रिंट वर ऑफिसात जमा करायची पद्धत होती, तसा तो आला आणि माझ्या ड्रॉवरमध्ये पडला. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी जोडणी होती. मालक काटोलला गेले होते, दोन वाजता यायचे होते. ब्रॅकेट बसवला, त्यावर सिलिंडर लावला, हवा सोडली. दांडा बाहेर आला आणि थेट पट्ट्याच्या चौकटीवर आदळला. चार्जहँड व्हायला निघालेला माणूस माझ्या शेजारी उभा होता. त्यांनी हवा बंद केली. माझ्याकडे पाहिलं नाही. तो त्यांचा चांगुलपणा होता, आणि मला तेव्हा तो टोमणा वाटला.

मी म्हणालो, थांबा, मी वर जाऊन पाहतो. वर जाऊन ट्रेसिंग काढलं आणि पाहताक्षणी कळलं. चूक झाली, ठीक आहे, चुका होतात. माझं काय झालं असतं? मालकांनी पाच मिनिटं झापलं असतं, बस. नोकरी गेली नसती, पगार कापला नसता. पण काटोलच्या लोकांसमोर मी जे बोललो होतो ते साऱ्या खात्यात पोचलं होतं. साबण जास्त शिकलेला निघाला, असं आता खात्यात म्हणतील, टर्नर म्हणेल, तो चहा आणणारा म्हणेल. एवढ्यासाठी. मी जे केलं ते एवढ्यासाठी केलं. भूक नाही, भीती नाही, बायका-पोरांची काळजी नाही. हसतील म्हणून.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. ड्राफ्ट्समन डबे घेऊन निंबाखाली गेले. मी दाढीचं अर्धं ब्लेड काढलं. ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडनं हलक्या हातानं खरवडावी लागते, कागद फाटू न देता. एक चौकोन, तीन भोकं, एक तिरकी कड आणि आठ मापं. ते सगळं उजवीकडून खरवडून काढलं, जागा नखानं घासून गुळगुळीत केली, आणि डावीकडे नव्यानं काढलं. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलं नाही. उन्हाळ्यात शाई लगेच वाळते. मग डोक्याला दुपट्टा बांधून गच्चीवर गेलो. प्रिंट काढायला आमच्याकडे काचेची चौकट होती, ती उन्हात धरायची आणि मग कागद अमोनियाच्या पेटीत घालायचा. एप्रिलचं नागपूरचं ऊन, अर्ध्या मिनिटात काम झालं. अमोनियानं डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच त्या दिवशी आलेलं पाणी.

नवा प्रिंट कोरा करकरीत होता. खात्यातून आलेला प्रिंट असा कधी नसतो. मग माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला एक जुना गिअर होता, त्याच्या दातांतलं काळं ग्रीस अंगठ्यावर घेतलं आणि प्रिंटच्या कडेला दाबलं. उजव्या कोपऱ्यात एक, खाली दोन. फिटर कागद धरायचे तिथेच. चार घड्या घातल्या, उलगडला, पुन्हा घातल्या. जुना प्रिंट फाडून सायकलच्या पिशवीत भरला. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मी माझ्या अंगठ्यानं उठवला. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मालक दोन वाजता आले. सगळे मशीनभोवती. त्यांनी प्रिंट मागितला, मी दिला. त्यांनी ब्रॅकेट पाहिला, प्रिंट पाहिला, पुन्हा ब्रॅकेट पाहिला आणि प्रिंट फिटरच्या हातात दिला. म्हणाले, तूच वाच.

फिटरनी प्रिंट उलगडला. बराच वेळ पाहत राहिले. मग उलटा करून मागची बाजू पाहिली. त्यांचं बोट मापांवरून फिरत होतं, एक, दोन, तीन. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लाल खुणा. घड्या घातल्या, ग्रीस लावलं, सगळं नाटक केलं, आणि त्या खुणा मला आठवल्याच नाहीत. प्रिंटवर एकही लाल खूण नव्हती. आता ते बोलणार. नुसतं एवढं म्हणाले असते, की हा माझा कागद नाही, तर माझी शंभरी भरली होती. खात्यातला प्रत्येक माणूस साक्षीला उभा राहिला असता.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट पाहिल्यासारखं. मी खाली, पट्ट्याच्या चौकटीकडे पाहू लागलो.

"कागदात असंच असेल," ते शेवटी म्हणाले, "त चूक माझीच आहे."

मालक ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मी तुला चार्जहँड करायला निघालो होतो. एवढंच. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली करून, पण पुरेसा खाली न करता म्हणाले, की या लोकांना हात चांगले आहेत, कागद वाचणारी पिढी अजून यायची आहे. फिटर तीन फुटांवर उभे होते. माझी मान हलली. हो म्हणून हलली की नुसतीच हलली, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. हलली एवढं खरं. त्या खात्यात कागद वाचता येणारा सगळ्यात चांगला माणूस कोण, हे मला माहीत होतं. एकट्या मलाच पक्कं माहीत होतं, आणि मी मूग गिळून बसलो.

लगेच दुसरा ठोकळा काढला गेला. फिटरनी मोरचूद लावलं आणि मार्किंगला बसले. मी वर जाऊन बसलो. कूलर चालू होता. तीन वेळा उठलो, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलो, परत आलो. मालकांची केबिन जिन्याच्या खालीच होती. दार उघडं होतं, ते एकटेच होते. तिसऱ्या वेळी तर त्यांनी मला पाहून विचारलंही, काही पाहिजे का? मी म्हणालो, नाही, पाणी प्यायला चाललोय.

पाचचा भोंगा झाला. सगळे नळावर गेले. मी मुद्दाम रेंगाळलो, सगळे जाऊ देत म्हणून. पाच-सात मिनिटांनी उतरलो तर नळावर एकटे फिटर उभे होते. हातात वर्तमानपत्राचा कागद. त्यांनी तो उलगडला. आत साबणाचा ब्रॅकेट. मी ज्याच्याकडे पाहिलं नव्हतं तो. मशीन अजून रवाना व्हायचं होतं, म्हणजे त्यांच्या रिवाजाप्रमाणे तो आज धुवायला काढायचाच नव्हता. त्यांनी तो नळाखाली धरला आणि हात धुऊ लागले. सावकाश, कोपरापर्यंत. तिरकी कड झिजली, भोकं बुजली. मग उरलेला तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"घ्या साहेब. तुमच्या अंगठ्याले बी लागलं आहे."

माझ्या अंगठ्याला ग्रीस होतं. बोटांना शाई होती. दिवसभर मी ते पाहिलंच नव्हतं. आणि मी काय केलं? साबण घेतला. त्यांच्यासमोर उभं राहून हात धुतले. चांगला फेस काढून धुतले, आणि त्यांनी माझ्यासाठी नळ चालू ठेवला.

नवा ब्रॅकेट दोन दिवसांत झाला, नीट बसला, मशीन वेळेवर काटोलला गेलं. गिऱ्हाईक खूष. मालकांनी पेढे वाटले. टर्नर चार्जहँड झाला. तो बरा माणूस होता, पण ड्रॉइंग पाहायला कागद फिटरकडेच घेऊन जायचा, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत सही स्वतःची करायचा. फिटरच्या खिशाचं पेन दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. तिथे परत लाल पेन्सिल आली.

त्यांनी माझ्याशी वाकडेपणा केला नाही. कामात कसूर केली नाही. फक्त माझ्या ड्रॉइंगांचे साबण कोरणं बंद केलं. खिडकी रिकामी झाली. मी कधी खाली जाऊन विचारलं, हे जमतंय ना, काही वेडंवाकडं तर नाही ना, तर एकच उत्तर, ड्रॉइंगप्रमाणे आहे साहेब. मी त्यांना अहो-जाहो करायला लागलो. पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो तेव्हा ते एक क्षण थांबले, आणि मग काम करायला लागले. लाच दिल्यासारखं वाटलं मला ते. नंतर मी प्रत्येक ड्रॉइंग तीन-तीनदा तपासू लागलो. लोक म्हणायचे, काय काटेकोर इंजिनियर आहे. हे ऐकून मान वर करता यायची नाही.

सांगायला हवं, सांगायला हवं, असं करत वर्षं गेली. टर्नर सोडून सावनेरला भावाच्या वर्कशॉपवर गेला, तेव्हा जागा रिकामी झाली. मी मालकांकडे जाऊन फिटरचं नाव सुचवलं. अगदी ठासून सुचवलं. मालक हसले आणि म्हणाले, विसरलास का तो ब्रॅकेट? समोर बसलो होतो. दार लावलेलं होतं. तिसरं माणूस नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, तशी चूक कोणाकडूनही होते. वा! म्हणजे वर आणखी त्यांना माफही करून मोकळा झालो. बाहेरचा एक डिप्लोमावाला पोरगा चार्जहँड म्हणून आला. फिटरनी त्याला मार्किंग शिकवलं.

त्या ब्रॅकेटनंतर सात-आठ वर्षांनी फिटर रिटायर झाले. तोवर मी डिझाइनचा प्रमुख झालो होतो, माझा वेगळा कूलर होता. निरोपाचा कार्यक्रम असेंब्लीतच झाला. चिवडा, संत्रा बर्फी, हार, शाल. त्यांची मुलगी आली होती, ती तेव्हा कुठेशी शिक्षिका होती. मला बोलायला सांगितलं. रात्रभर ठरवून आलो होतो की आज सगळ्यांसमोर सांगायचं. उभा राहिलो आणि म्हणालो, असा प्रामाणिक आणि कष्टाळू कामगार मिळणे कठीण. टाळ्या पडल्या. मुलगी माझ्याकडे कृतज्ञतेनं पाहत होती. मी बसलो तेव्हा मला स्वतःची किळस आली.

कार्यक्रम संपला तसा मी त्यांच्या मागे सायकल स्टँडवर गेलो. मुलगी फाटकाशी थांबली होती. ते शालीची घडी कॅरिअरला लावत होते. मी म्हणालो, एक सांगायचं आहे. आणि सांगून टाकलं. ब्लेड, गच्ची, ग्रीस, सगळं. एकदाही थांबलो नाही. त्यांनी कॅरिअरची क्लिप नीट बसवली आणि म्हणाले, मले माहीत होतं.

मला वाटलं, सुटलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर खरंच हलकं वाटलं. मग मी विचारलं, ते विचारायला नको होतं. म्हटलं, प्रिंटवर खुणा नव्हत्या, साबण तुमच्या खिशात होता, तुम्ही बोलला का नाहीत?

"मी बोललो असतो त पुरावा दाखवा म्हणाले असते," ते म्हणाले. "साबण काय, मागाहून कोरला म्हणाले असते. खुणा काय, ह्या खेपी केल्या नसतील म्हणाले असते. मी बोलून काही व्हायचं नव्हतं साहेब. तुम्ही बोलले असते त झालं असतं."

त्यांनी सायकल स्टँडवरून उतरवली, आणि फाटकाशी उभ्या मुलीकडे एकदा पाहिलं.

"तुम्ही जिन्यावर तीन खेपा आले होते," ते म्हणाले. "मले मार्किंगच्या टेबलावरून दिसत होतं. आता बोलतील, आता बोलतील, असं करून राहिलो होतो मी. पाचचा भोंगा होईपर्यंत मी तो साबण ओला नाही केला."

मग सायकल हातात धरून, मुलीसोबत बोलत, ते चालत घरी गेले.